वकीलसाहेबांचे निळे बगळे

‘पुढची तारीख घेऊ,’ असं म्हणताना ते उजव्या हाताने हवेतली एक फाईल बंद करत. जन्म कोर्टात गेलेला. घरातला गळका नळ असो, दाढदुखी असो, की भाचीच्या लग्नाची बोलणी असोत, वकीलसाहेब आधी तारीख मागत.

मुलांनो, मागच्या खेपेला आपण नावेतून तलावातल्या बेटावर गेलो होतो, तिथली पक्षी पाहणाऱ्यांसाठी बांधलेली बैठी खोली आठवते ना? तुम्ही पाहिलीत तेव्हा ती नीटनेटकी होती. त्याआधी भिंतींचे पोपडे निघालेले, खिडक्या मोडलेल्या, माहितीचे फलक वाळवीने खाल्लेले. आम्ही काही निवृत्त मंडळी दर रविवारी जाऊन ती हौसेने दुरुस्त करत असू. मी विद्यानगरहून निघे ती कोणी काय करायचं हे ठरवूनच. वकीलसाहेब नामपल्लीहून पत्नीला घेऊन येत, आणि ठरवलेलं सगळं पुढे ढकलत.

‘वहिनी, खिडक्यांची घाई कायकू? पक्षी काय उठून चालले का?’

त्यांचा हात मात्र चित्रकाराचा होता. म्हणून दारासमोरची मोठी भिंत आम्ही त्यांना दिली. संध्याकाळी बेटावरच्या झाडावर बगळे उतरतात, ते चित्र तिथे काढायचं होतं. खडूने त्यांनी असं सुरेख झाड उभं केलं की आम्ही सगळे ब्रश टाकून बघत राहिलो.

मग रंग आला. ‘हा पांढरा पिवळट आहे. थोडी नीळ टाका,’ ते म्हणाले. यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. चुन्यात नीळ घालतातच, त्याने भिंत उजळते. पण ती घातल्यावरही त्यांचं समाधान होईना. ‘अजून थोडी. अजून.’ दुपारपर्यंत झाडावर आकाशी बगळे बसले, आणि पुढच्या रविवारी त्यांच्या शेजारी आणखी गडद बगळे आले.

आम्ही एकमेकांकडे बघत होतो, पण बोलायला कोणी तयार नव्हतं. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ तर ‘आधुनिक शैली दिसते’ असं म्हणून बाहेर निघून गेले.

मला मात्र माझ्या चादरी आठवल्या. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी मला घरातल्या साऱ्या चादरी पिवळ्या दिसायच्या आणि त्यावरून मी धोब्याशी कडाडून भांडले होते. मी त्यांच्या पत्नीला बाजूला घेऊन विचारलं.

‘दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झालाय,’ त्या म्हणाल्या. ‘डॉक्टर म्हणतात, आता उशीर नको. पण यांच्या तारखा संपत नाहीत. करपलेली भाकरी यांना दिसत नाही, ते मला बरंच आहे हो. पण रस्ता ओलांडताना माझा जीव वरखाली होतो.’

मी सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. ‘वकीलसाहेब, बगळे निळे झालेत.’

‘एकटीच्या साक्षीवर निकाल लागत नाही, वहिनी.’

मी वळून पाहिलं, तर सगळे साक्षीदार खिडक्या घासण्यात गर्क. तेवढ्यात पाण्याची कळशी ठेवायला नावाडी आत आला आणि भिंत बघून थबकला. ‘साब, ये बगले नीले कायकू बनाए? धोबी के पास से आए क्या?’

वकीलसाहेबांनी ब्रश खाली ठेवला. भिंतीजवळ गेले, मागे आले, पुन्हा जवळ गेले. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाले, ‘मला तर अजून पिवळेच दिसतायत.’

परतताना नावेत त्यांनी सांगितलं. त्यांच्या थोरल्या भावाचा डोळा अशाच ऑपरेशननंतर गेला होता. पट्टी काढली तेव्हा हे शेजारीच होते. भावाने विचारलं होतं, ‘दिवा लावला का रे?’ आणि बाहेर लख्ख ऊन होतं.

‘तो काळ वेगळा होता,’ मी म्हणाले.

‘हौ. डोळा तोच आहे ना पण.’ त्यांचा उजवा हात उठला. पत्नीने तो हवेतच धरला आणि किनारा येईपर्यंत सोडला नाही.

त्यांनी ऑपरेशन करून घेतलं. दवाखान्याच्या बाकावर आम्ही दोघी बसलो होतो. त्यांचा चष्मा पदराने पुसून पुसून त्यांच्या पत्नीने त्याची काच झिजवायचीच बाकी ठेवली होती. डॉक्टर बाहेर येऊन ‘छान झालं’ म्हणाले, तेव्हा त्या एकदम मला म्हणाल्या, ‘चहा घेऊ या का हो? फार भूक लागलीय.’

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. त्यांनी पत्नीकडे पाहिलं, मग माझ्याकडे निरखून पाहिलं. ‘वहिनी, तुम्ही इतक्या म्हाताऱ्या कधी झालात?’ आयुष्यात कोणत्याही स्तुतीने मला एवढा आनंद झालेला नाही.

दुसरा डोळाही झाला, डॉक्टरांनी परवानगी दिली, आणि एका रविवारी ते बेटावर आले. भिंत आम्ही तशीच ठेवली होती. ती पाहून ते इतके मोठ्याने हसले की बाहेरचे पाणकावळे उडाले. ‘आणि तुम्ही सगळे गप्प बसलात? एकजात फितूर साक्षीदार!’ धूळ आणि रंग यांपासून अजून लांब राहायचं होतं, म्हणून ते खुर्चीवर बसून सूचना देत राहिले आणि पांढरा रंग आम्ही भरला. नीळ कोणी उघडलीसुद्धा नाही.

आता ते दोघं मुलीकडे नागपूरला असतात. रविवारची नाव त्यांच्याशिवाय जाते, आणि माझी कामं ठरल्या वेळी होतात, जे मला आवडायला हवं.

भिंतीवरचे बगळे पांढरे केले त्या दिवशी संध्याकाळी मात्र आम्ही उशिरापर्यंत थांबलो होतो. बगळे परत यायला लागले. आधी एक, मग चार-पाच, मग थवेच्या थवे, आणि हिरवं झाड बघता बघता पांढरं होत गेलं. वकीलसाहेब खुर्चीवरून उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले.

‘अहो, रडू नका,’ पत्नी कुजबुजली. ‘डॉक्टरांनी डोळ्यांत पाणी जाऊ द्यायचं नाही म्हटलंय.’

‘आतलं चालतं,’ ते म्हणाले, आणि तसेच बघत राहिले.