कानातल्या औषधाला संत्र्याची चव

औषधांच्या त्या दुकानात पुढे तयार बाटल्यांच्या रांगा आहेत आणि मागे काचेआड एक लहानशी खोली आहे. खोलीत डोक्याला टोपी, तोंडाला मास्क आणि हातात मोजे अशा अवतारातली एक बाई खलात काहीतरी घोटत असते. तिचं खरं नाव भिंतीवरच्या परवान्यात आहे, पण ते वाचायची तसदी कोणी घेत नाही. सगळे तिला थेंबताई म्हणतात.

थेंबताईचं काम म्हणजे शिंप्याचं काम. बाजारातलं तयार औषध ज्याला मानवत नाही, त्याच्यासाठी डॉक्टरांच्या चिठ्ठीबरहुकूम ती त्याच्यापुरतं औषध बनवते, आणि तेही फक्त कान, नाक आणि घसा यांचं. गुडघा दुखतो म्हणून कोणी काचेवर टकटक केलं तर ती बोटानेच पुढचा काउंटर दाखवते. पुदिन्याच्या नुसत्या वासाने शिंका काढणाऱ्या शाळेच्या बाईंसाठी ती बिनपुदिन्याच्या, चघळायच्या गोळ्या साच्यात ओतते. नाकात फवारा मारू न देणाऱ्या, वर बाटलीलाच चावणाऱ्या एका चिमुरडीसाठी तिने त्याच औषधाचं मलम करून दिलं. आईने ते बोटाने नाकाच्या कडेला लावलं आणि चिमुरडीला चावायला काही उरलं नाही.

आता, कारागीर म्हटला की त्याचं एक दुखरं ठिकाण असतंच. थेंबताईचं ठिकाण म्हणजे चव. औषध झोंबलं, ओघळलं, बाटली गळली, सगळं ती शांतपणे ऐकून घेई. पण ‘कडू लागतं हो’ असं कोणी म्हटलं की तिला ते थेट स्वतःवरच आल्यासारखं वाटे. तिच्या फळीवर संत्रं, स्ट्रॉबेरी, व्हॅनिला अशा स्वादांच्या बाटल्या ओळीने होत्या. गिऱ्हाइकाचं वाक्य पुरं होण्याआधीच तिचा हात तिकडे जाई. एका गृहस्थाचा घसा ठणठणीत बरा झाला तरी तो खोटंखोटं खोकत गोळ्या मागायला येत राहिला. तिने त्याला चिठ्ठीशिवाय एक गोळीसुद्धा दिली नाही, पण त्या दिवशी ती घरी गेली ती गाणं गुणगुणत.

असं सगळं झकास चाललं होतं. मग अप्पांचा कान बिघडला.

अप्पा म्हणजे थेंबताईचे वडील. उभा जन्म त्यांनी नाक्यावरच्या सलूनमध्ये लोकांच्या हजामती केल्या आणि हजामत करता करता साऱ्या वस्तीच्या बातम्या गोळा केल्या. कात्री खाली ठेवल्यावरही ते रोज सकाळी सलूनबाहेरच्या बाकावर जाऊन बसत. कोणाचं जमलं, कोणाचं फिसकटलं, कोणी कोणाचं तोंड बघत नाही, हे सगळं अप्पांना त्या त्या घरातल्या माणसांच्या आधी कळे. उजवा कान कधीचाच गेला होता. सगळा कारभार डाव्यावर. त्या डाव्यात ऐकायचं यंत्र बसवलं की अप्पा खूश.

त्याच डाव्या कानात बुरशी झाली. कान ठणकू लागला, पाझरू लागला. कान कोरडा होईपर्यंत यंत्र घालायचं नाही, असं कानाच्या डॉक्टरांनी बजावलं. अप्पा दोनचार दिवस तसेच बाकावर जाऊन बसले. लोक हसले की आपणही हसत, लोकांनी माना डोलावल्या की आपणही डोलावत. एकदा कोणाच्या तरी आजारपणाची गोष्ट चालली असताना ते खो खो हसले. सगळे वळून त्यांच्याकडे बघू लागले. अप्पा उठून घरी आले आणि त्यानंतर बाकाकडे फिरकलेच नाहीत. खिडकीकडे पाठ करून खुर्चीत बसून राहू लागले. जेवायला बोलावलं की जेवत, नाही बोलावलं तरी तक्रार नाही. ज्या माणसाच्या बडबडीने बालपणभर तिचं डोकं उठवलं होतं, तो माणूस असा मुका झालेला थेंबताईला बघवेना. ती घाबरली होती. कान बरा व्हायला वेळ लागला, तर अप्पा असेच विझून जातील, अशी भीती तिच्या मनात बसली होती.

डॉक्टरांनी थेंब लिहून दिले, थेंबताईने जीव ओतून ते बनवले आणि अप्पांनी पहिल्याच थेंबाला डोकं झटकलं.

“गार लागतं! घर फिरायला लागलं!”

तिने बाटली मुठीत धरून कोमट केली. तरी घर फिरायचं थांबेना.

“झोंबतं!”

तिने डॉक्टरांना ‘थोडे सौम्य करू का’ एवढंच विचारून थेंब सौम्य केले. तरी झोंबायचं ते झोंबतच राहिलं. मग अप्पांनी थेंबांची वेळ झाली की झोपेचं सोंग घ्यायला सुरुवात केली. घोरण्याचं सोंग तर इतकं बेमालूम, की शेजारची बाईसुद्धा फसली असती. थेंबताई मात्र फसली नाही.

“गावभर लोक माझं औषध नाक मुरडल्याशिवाय घेतात,” ती त्यांच्या कानाशी ओरडली, “आणि तुमचीच काय हो एवढी नाटकं?”

“काय म्हणालीस?” अप्पांनी विचारलं.

तिने हात जोडले आणि पुन्हा थेंब घातले.

दुसऱ्या दिवशी दुपारी अप्पा स्वतः चालत दुकानात आले. कितीतरी दिवसांनी घराबाहेर पडले होते, तेही तक्रार करायला. काचेवर टकटक करून त्यांनी साऱ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, “तुझं ते औषध कडूजहर आहे!”

पुढचा काउंटरवाला हसला. रांगेतली दोन माणसं हसली. थेंबताईचा मात्र चेहरा पडला. कडू? तिचं औषध? तिने मुकाट्याने अप्पांची बाटली काढली, फळीवरून संत्र्याचा स्वाद घेतला, झाकण उघडलं, ड्रॉपर भरला आणि खुणेनेच विचारलं, संत्रं चालेल ना?

“चालेल,” अप्पा म्हणाले. “पण जास्त गोड नको.”

बाप तसा, लेक तशी. दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. काउंटरवाल्यालाच राहवलं नाही. तो म्हणाला, “ताई, थेंब कानात घालायचे ना? अप्पा काय कानाने चव घेतात?”

थेंबताईचा हात बाटलीच्या तोंडाशी तसाच थांबला.

खरंच की. कानात घातलेल्या औषधाची चव तोंडाला कशी येईल? कानाचा पडदा शाबूत असेल तर थेंब बाहेरच राहतात. घशापर्यंत पोचायचे तर वाट हवी. पडद्याला भोक असेल तर मात्र पडद्यामागच्या नळीतून घशात उतरायला वाट असते, आणि मग औषध आत झोंबतं, माणसाला घेरी येते आणि घशात कडूही लागतं. कान चिकट घाणीने भरलेला असल्यामुळे डॉक्टरांना पहिल्या दिवशी पडदा नीट दिसला नव्हता. काही वेगळं वाटलं तर लगेच सांगा, असं ते तिलाच म्हणाले होते. आणि अप्पा तर रोज सांगत होते. गार, झोंबतं, घर फिरतं. ती ऐकत होती एका गिऱ्हाइकाची कटकट ऐकावी तशी. ऐकू येत नव्हतं ते अप्पांना, पण बहिरी झाली होती थेंबताई.

तिने संत्र्याची बाटली बंद केली, मोजे काढले आणि अप्पांचा हात धरून थेट डॉक्टरांकडे गेली. वाटेत तिचे डोळे भरून येत होते. अप्पांना वाटलं, चवीवरून बोललो म्हणून रडते आहे.

“अगं, इतकंही कडू नव्हतं,” ते समजूत घालत म्हणाले. “घेईन मी. रडू नकोस.”

त्यावर तर ती भर रस्त्यात हुंदके द्यायला लागली.

डॉक्टरांनी दुर्बिणीतून बघत कान हळूहळू साफ केला आणि पडद्यावरचं बारीक भोक तिलाही दाखवलं. थेंब त्या क्षणी बंद झाले. त्याऐवजी डॉक्टरांनी एक पूड लिहून दिली. अशी पूड कानात फुंकायची असते आणि बाजारात ती तयार मिळत नाही. थेंबताईने ती घोटली, चाळली, पुन्हा घोटली. रबरी फुग्याला बारीक नळी लावलेली असते, तो फुगा दाबला की चिमूटभर पूड फुस्सकन आत जाते. पहिल्या वेळी अप्पा दचकले, मग त्यांना मजाच वाटली. पुढे पुढे तर वेळ झाली की ते स्वतःच कान पुढे करून बसत. कडू लागतं का, असं ती प्रत्येक वेळी लिहून विचारी, आणि खरं उत्तर मिळेपर्यंत हलत नसे.

कान वाळला. डॉक्टरांनी तपासून यंत्र घालायला परवानगी दिली. त्या सकाळी अप्पांनी स्वच्छ दाढी केली, यंत्र बसवलं आणि थेंबताई अंघोळीला गेली असताना कोणाला न सांगता घराबाहेर पडले.

ती बाहेर आली तर खुर्ची रिकामी. ओल्या केसांनीच ती धावत सुटली, कोपरा ओलांडून सलूनपाशी पोचली. बाकावर तीनचार जण डोक्याला डोकं लावून बसले होते, मध्ये अप्पा. एकजण हलक्या आवाजात काहीतरी रंगवून सांगत होता आणि अप्पांचे डोळे आनंदाने बारीक झाले होते.

“अप्पा!” तिला धाप लागली होती. “सांगून तरी जायचं! कान कसा आहे? ठणकत नाही ना? यंत्र नीट बस—”

अप्पांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. एक हात वर करून ते म्हणाले, “शूऽऽ! गप्प बस गं जरा. ऐकू दे.”