अर्धा आटा जास्त

चपलेला तेल लावलं की ओल्या कातड्याचा वास येतो, आणि मला सारंगखेड्याचा सुकदेव आठवतो. घोड्यांची खोगिरं शिवायचा तो. मी नंदुरबारच्या एका शेटजींच्या मोटारीवर ड्रायव्हर होतो. तिच्या इंजिनाच्या तळातून तेल गळायचं. तिथल्या सांध्यात कागदाचं पॅकिंग घातलं, मग मुंबईहून बुचाचं मागवलं. दोन्ही मीच निवडली होती आणि दोन्ही आठवडाभरातच गळू लागली.

शेवटी शेटजींनी सुकदेवला बोलावलं. त्याने कातड्याचे तीन तुकडे डोळे मिटून गालाला लावले आणि तिसरा कापायला घेतला. माझा नुसता जळफळाट झाला.

"आते आवळू नको, दादा," बोल्ट बसवून तो मला म्हणाला. "कातडं फुगीसन आपोआप धरी लेई."

तासभर इंजिन चालवलं, थेंब पडला नाही. शेटजींनी त्याला ओट्यावर बसवून चहा पाजला. मला तिथे कधी कुणी बसवलं नव्हतं. मी गाडीखाली शिरलो आणि प्रत्येक बोल्ट अर्धा आटा जास्त आवळला.

सकाळी खाली तेलाचं थारोळं होतं.

"यानं बी गळी ऱ्हायनं," शेटजी म्हणाले. सुकदेवचंही गळतंय म्हटल्यावर मी मान डोलावली.

सुकदेवचा चेहरा आता नीट आठवत नाही. त्या दुपारची भाकरी किती गोड लागली, ते मात्र आठवतं.