किल्ली मास्तरांच्या खिशात

मास्तर शिंपी होते, पण गल्लीत त्यांचा लौकिक शिलाईपेक्षा गाडी धुण्याबद्दल जास्त. गाडी जुनी, गडद निळी, आणि इतक्या वर्षांत अंगावर एक ओरखडा नाही, हे ते ओळख ना पाळख अशा माणसालाही थांबवून सांगायचे. ऐकणारा बिचारा हातात पिशव्या घेऊन ताटकळायचा.

त्यांची बायको गाडी चालवायची परीक्षा पहिल्या फटक्यात पास झाली होती. लायसन आलं, किल्ली काही येईना. "देईन गं, देईन," मास्तर म्हणायचे, "पण पहिला ओरखडा तुझ्या हातून पडला तर तुलाच आयुष्यभर खात राहील." वा रे वा, काळजी केवढी! थोरल्या बहिणीने तर फोनवर चिडवलंच होतं, "तू आपली लायसनला फ्रेम कर आणि भिंतीवर लाव." ते तिला फार झोंबलं. आज बहिणीकडेच जेवायला जायचं होतं, आणि गाडी आपणच चालवायची हे तिने मनाशी पक्कं केलं होतं. आधी धुवायला हातभार लावू, स्वारी खुशीत आली की विषय काढू.

"अंगठी काढ," मास्तरांनी सुरुवातच तिथून केली. "घड्याळही. धातू म्हणजे रंगाचा वैरी."

गाडी सावलीत होती. आधी पाइपने नुसतं पाणी मारून धूळ सोडवली. मग दोन बादल्या आल्या, एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत साधं पाणी. हाताला चढवलेला मऊ मोजा फेसात बुडवायचा, वरून खाली सरळ फिरवायचा, साध्या पाण्यात खळबळून माती तिथेच सोडायची आणि मगच पुन्हा फेसात घालायचा. ती सवयीने गोल गोल घासायला लागली तर मास्तर ओरडले, "अगं, कढई आहे का ती?"

"कढई असती तर एव्हाना लख्ख झाली असती," ती म्हणाली, पण हात सरळ केला. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. हिला अक्कल होती, पण गरज त्याहून मोठी होती.

बॉनेटचा काचेजवळचा मधला भाग राहिला. तिचा हात पुरेना. "सरक, तुला नाही जमायचं," म्हणत मास्तर बॉनेटवर पालथे पडले, लांबवर मोजा फिरवला आणि घसरत मागे आले. कर्रकन आवाज झाला.

निळ्या रंगावर वीतभर पांढरी रेघ! मास्तरांनी आधी तिच्या बोटांकडे पाहिलं. बोटं रिकामी. मग हळूहळू मान स्वतःच्या शर्टाकडे वळली. खिशावर दोऱ्यासकट सुई टोचलेली होती. सकाळीच एका गिऱ्हाइकाचं बटण लावलं होतं, आणि काम झालं की सुई छातीवर टोचायची ही त्यांची जन्माची खोड.

मास्तर मटकन पायरीवर बसले. तिला खरं तर हसू यायला हवं होतं, पण त्यांचा चेहरा बघून ते आलंच नाही. तिने फेस धुतला, मऊ फडक्याने गाडी टिपून घेतली आणि हात पुढे केला. "द्या किल्ली."

"आता? अगं, आणखी एक पडला म्हणजे?"

"पहिल्याचंच कौतुक असतं हो. दुसऱ्याला कोण विचारतंय?"

मास्तरांनी किल्ली काढून दिली. वाटभर ते जीव मुठीत धरून बसले, आणि ती मात्र मस्त चालवत गेली.

बहीण दारातच उभी होती. "आलीस की गं चालवत!" म्हणेपर्यंत तिची नजर बॉनेटवर गेली. "अगं बाई! पहिल्याच दिवशी एवढा मोठा ओरखडा?"

धाकटीने तोंड उघडलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि मिटलं. असू दे, इतक्या वर्षांचा त्यांचा तोरा आहे, आपल्या नावावर घेऊ. "पडला खरा," ती म्हणाली.

मास्तर गाडीतून उतरले. "ताई, तो माझा," ते म्हणाले. "हिच्या हातून गाडीला धक्काही लागलेला नाही. परत जातानाही हीच चालवणार आहे."