सहावी जागा

संगणकातलं काही पुसायचं असलं, की ढोबळे सर आधी चारही टर्मिनलांपाशी जात आणि प्रत्येक खुर्चीमागे थांबून विचारत, "यादीतलं कोणी वाचून राहिलं काय?" शहरातल्या महाल भागातून स्कूटरने येणारा हा पन्नाशीचा माणूस आमचा प्रमुख होता. आमची छोटी कंपनी कारखान्यांसाठी प्रोग्राम लिहायची. साल शहाऐंशी-सत्त्याऐंशी असेल. प्रत्येक प्रोग्रामच्या जुन्या-नव्या आवृत्त्या एका यादीत असत. यादी फुगली, की नको त्या काढून ती आवळायची. ते करणारा प्रोग्राम मी लिहिला होता, नोकरीच्या पहिल्याच वर्षी.

यादी आवळताना दुसऱ्या कोणाला तिच्यात लिहिता येऊ नये, असं कुलूप मी घातलं होतं. वाचणाऱ्यांना मात्र मोकळं सोडलं. नुसतं वाचल्याने काय बिघडणार, असं मला वाटे. सर म्हणाले, "वाचणाराही त्याच फळीवर उभा असते वं. फळी सरकवली का तोही पडते." मी 'करते' म्हटलं आणि केलं नाही.

मे महिन्यातल्या एका दुपारी सर जेवायला गेले असताना डिस्क भरली. कोणाला न विचारता मी यादी आवळली. नेमका तेव्हाच शेजारी वसंता एका बॉयलरचा दाब वाढला की वाजणाऱ्या भोंग्याचा प्रोग्राम फ्लॉपीवर उतरवून घेत होता. पक्की आवृत्ती सहाव्या जागी आहे, एवढं संगणकाने टिपलं आणि तेवढ्यात मी वरच्या दोन काढल्या. खालच्या सगळ्या वर सरकल्या. सहाव्या जागी चाचणीची आवृत्ती आली. तिच्यात भोंगा मुद्दाम फार वरच्या दाबाला वाजेल असा ठेवलेला होता. वसंता कामठी रोडवरच्या कारखान्यात फ्लॉपी बसवून परतही आला. त्यानंतर छापील यादी ताडून पाहताना मला ते दिसलं.

मी यादी तशीच हातात घेऊन धावले. सरांना सांगितलं. ते रागावले नाहीत, नुसते पांढरे पडले, आणि मी जास्तच घाबरले. कारखान्याचा फोन लागेना. त्यांच्या स्कूटरवर मागे बसून निघाले. वाटभर ते एकदाच बोलले, "पाळी सुटायले वेळ आहे. माणसं आतच असतीन."

फाटकाशी मला थांबायला सांगून ते बॉयलरघरात शिरले. थोड्या वेळाने चार माणसं धावत बाहेर आली. सर आले नाहीत. मी फाटकाचा गज धरून उभी होते. त्या दाराकडे बघवत नव्हतं आणि नजरही काढवत नव्हती. कान नुसते आवाजाची वाट पाहत होते. आत काटा लाल रेषेच्या पुढे गेला होता, वाफ सोडणारी झडप अडकली होती आणि भोंगा गप्प होता, हे मला मागाहून कळलं. बॉयलरवाला भट्टीतला जाळ ओढून काढत होता आणि सर शेजारी उभं राहून त्याला काटा वाचून सांगत होते.

बाहेर आल्यावर ते पायरीवर बसले. "लय भ्यालो वं," ते म्हणाले. मग म्हणाले, "रिपोर्टात लिही, ढोबळेनं सांगितलं होतं, पण झालं का नाही ते पाहिलं नाही." मी ते लिहिलं आणि खाली माझी चूकही लिहिली. मालकांनी दोघांनाही कामावर ठेवलं. दुसऱ्या दिवशी सर शेजारी बसले आणि मी वाचणाऱ्यांसाठीही कुलूप घातलं.

पुढे बऱ्याच वर्षांनी सर वारले, त्यानंतर महिन्याभराने मी त्यांच्या घरी गेले. त्यांच्या पत्नी, काकू, उघड्या पातेल्यात डाळ शिजवत होत्या. एवढा वेळ का घालवता, असं मी सहज विचारलं. त्या म्हणाल्या, तू नोकरीला लागलीस त्या सुमारापासून यांनी घरात कधी कुकर येऊ दिला नाही, माहेरहून आलेलाही परत पाठवला. "काहून, ते शेवटपर्यंत सांगितलं नाही."

मी पाट ओढून त्यांच्याजवळ बसले आणि त्यांना सांगितलं.