इंजिन थंड होईपर्यंत

गेल्या महिन्यात छोटा ट्रॅक्टर बघायला धुळ्याला गेलो होतो. सोबत सून, वैशाली. सकाळची पहिली बस धरली, कारण बारा वाजता येतो असं सांगून मला नऊलाच पोचायचं होतं...

कारण सांगतो. आमची केळीची बाग जळगावजवळ असोद्याला. मोठा ट्रॅक्टर दोन ओळींमधून जात नाही, म्हणून छोटा हवा होता. मुलगा नोकरीला पुण्यात, माझे गुडघे गेलेले... म्हणजे चालवणार वैशाली एकटीच.

नवा घ्यावा तर होती नव्हती ती शिल्लक जाते. जुना घ्यावा तर मला एकच चित्र दिसायचं... भर बागेत बंद पडलाय, ती एकटी, आणि मी ओसरीवर बसून काहीच करू शकत नाही. आठ दिवस नीट जेवलो नाही.

गावातल्या मेकॅनिकने बजावलं होतं, जुना घेताना दिवसाचा पहिला सेल्फ आपल्यासमोर मारून घ्यायचा. विकणारे आधीच चालू करून इंजिन गरम ठेवतात, मग कसलाही ट्रॅक्टर पटकन सुरू होतो. दुसरं, धुतलेलं इंजिन बघायचं नाही... ऑइल कुठून गळतं ते धुतल्यावर कळत नाही.

धुळ्यातल्या देवपुरात, ट्रॅक्टर विकणाऱ्या नानांच्या घरामागे पत्र्याची शेड. ट्रॅक्टर नुकताच धुतलेला, पाणी निथळत होतं, बॉनेटवर कुंकू लावलेलं. इंजिनला हात लावला... गरम.

मी वैशालीला बाजूला घेऊन म्हणालो, चल, परतीची बस धरू. मनात जळगावचं शोरूम आणि नवा ट्रॅक्टर ठरवूनही टाकला होता. पण ती कुठली ऐकते, तिने सरळ नानांनाच विचारलं, "नाना, इंजिन गरम कसं काय?"

नाना माझ्याच वयाचे. रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, "बैल इकाले काढतस तवय धोतस ना, आबा? तसंच शे हाई." गल्लीच्या टोकाला बोअरचा नळ आहे, तिथवर नेऊन धुऊन आणला होता. दारातून जाणारी वस्तू मळकी कशी द्यायची...

माझे बैल विकले तेव्हा मीही त्यांना आंघोळ घातली होती. पण शंका तरी कुठे जाते? कोणीही असंच सांगेल, असं वाटत राहिलं.

ते त्यांना दिसलं असावं. खाट ओढली आणि म्हणाले, "बसा आबा. थंडा होऊ द्या. माले काय घाई शे?"

बसलो. मी एक जुना पेपर मागून घेतला आणि इंजिनखाली पसरला. वैशाली हसू दाबत म्हणाली, "मामा, मला बघायला आलात तेव्हाही असेच तीन तास आधी आला होतात. माझे केस ओले होते." नानांच्या घरातल्या अक्का आतून हसल्या. मी पेपर सरळ करत बसलो...

अक्कांनी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि भरीत वाढलं. जेवताना नानांनी आपण होऊन सांगितलं, थंड असताना हा पहिल्या दोन सेल्फला उठत नाही, तिसऱ्याला उठतो. डावा ब्रेकही थोडा सैल आहे. हे ऐकून मला जास्तच घोर लागला... दोन दोष सांगितले, म्हणजे चार लपवले असतील?

दीड वाजता इंजिन गार लागलं. पेपरवर पाण्याचे डाग होते, ऑइलचा एकही नव्हता. वैशाली सीटवर बसली.

पहिला सेल्फ... नुसती घरघर. दुसरा... तेच. मी शेडचा खांब धरून उभा होतो. तिसऱ्याला पांढरा धूर निघाला आणि ट्रॅक्टर सुरू झाला.

नाना आमच्याकडे बघतही नव्हते. खांद्यावरच्या रुमालाने बॉनेट हळूहळू पुसत होते. बैल विकताना माझ्या मनात जे चाललं होतं तेच त्यांच्या मनात असेल हे मला कळलं, आणि सकाळपासून त्या माणसावर घेतलेल्या संशयाची लाज वाटली. तिथे बोलता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय. नाना फोन वापरतात ते फक्त बोलायला, पण त्यांचा नातू हे वाचून दाखवेल.

नवा चांगला की जुना, हे मला अजूनही सांगता येणार नाही. जुना घेणाऱ्याला एवढंच सांगेन, जेवायच्या वेळेपर्यंत थांबा... वस्तू कळते आणि माणूसही कळतो.

काल दुपारी वैशाली नानांचा तोच ट्रॅक्टर घेऊन एकटीच बागेत होती. मी ओसरीवर कान लावून बसलो होतो... आणि बसल्या बसल्या मला झोप लागली.