मारबतीच्या गर्दीत लेक

माझी लेक सहा वर्षांची होईपर्यंत मी तिला रडकी समजत होतो. शिवण टोचते म्हणून ती फ्रॉक उलटा घालायची. शाळेत बाईंनी दुसऱ्याच कोणाच्या हातावर छडी मारली, तरी ही घरी येऊन जेवायची नाही.

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. अशा मुलांबद्दल समजावून सांगणारं आमच्या ओळखीत कोणी नव्हतं. माझी मोठी बहीण मात्र येता-जाता म्हणायची, "इतकी हळवी पोरगी सासरी कशी निभणार गा? तिले जरा घट्ट कर." मला ते पटलं. मी कचेरीत टायपिस्ट होतो. चूक दिसली की दुरुस्त करायची, एवढंच मला येत होतं.

त्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिला मारबत बघायला न्यायचं ठरवलं. बायको म्हणाली, "नका नेऊ. ढोलताशे सहन होत नाहीत तिले."

"सवय झाली की होतील," मी म्हणालो.

मारबत म्हणजे बाईचा प्रचंड पुतळा. गावातली रोगराई, ईडापीडा घेऊन जा, असं ओरडत लोक तो रस्त्यांवरून फिरवतात आणि शेवटी जाळतात. मी लेकीला खांद्यावर घेऊन गर्दीत शिरलो. पुतळा वळणावर आला, लोकांनी आरोळी ठोकली, आणि ती लाकडासारखी ताठ झाली. मग माझी मान आणि सदरा ओला झाला.

कचेरीतला एक जण शेजारीच उभा होता. तो हसला. मला लाजही वाटली आणि रागही आला. मी तिला एका बंद दुकानाच्या पायरीवर आणून उभं केलं आणि हात उगारला. "एवढी पोरं हायेत इथं, कोणी घाबरलं का? तूच काहून घाबरते?"

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तिनं विचारलं, "बाबा, तिले जाळणार हायेत ना? तिनं काय केलं?"

"काही नाही केलं. लोकायची दुखणी घेऊन जाते ती."

"मग तिलेच काहून जाळतात?"

माझा हात खाली आला. ती ढोलांना घाबरली, असं मी धरून चाललो होतो. मी तिच्याजवळ बसलो, दुपट्ट्यानं तिचे पाय पुसले आणि म्हणालो, "मले नाही माहीत, बाई." मागच्या गल्ल्यांमधून आम्ही घरी आलो. वाटेत तिनं माझं बोट सोडलं नाही.

पुढच्या आठवड्यात मी तिच्या बाईंना भेटलो आणि वर्गात कोणाला छडी मारायची वेळ आली तर हिला बाहेर जाऊ द्या, असं म्हणालो. "एकेकासाठी वेगळी शाळा काढू का?" त्या म्हणाल्या, पण तिला दाराजवळची जागा दिली. बहिणीला मी सांगितलं, पोरीला घट्ट करायचं आता बंद. ती महिनाभर आमच्याकडे आली नाही.

सगळं सोपं झालं, असं नाही. लग्नाच्या पंगतीतून लेक अर्ध्यात उठायची, आणि मीही कितीदा तरी चिडलो.

ती बारा वर्षांची असताना एकदा मला बढती नाकारली. घरी कोणाला सांगायचं नाही, असं ठरवून मी चहा घेत होतो. ती समोर येऊन बसली.

"बाबा, आज काय झालं?"

आणि मी तिला सगळं सांगितलं.