पार्सलवरची किंमत

डेपोत सगळे त्याला कंडक्टर म्हणूनच ओळखत. बावीस वर्षं त्याने बसमध्ये घसा ताणला होता. मागच्या दारातून त्याची हाक आली की डुलक्या घेणारे प्रवासी दचकून खिसे चाचपायचे. मग त्याच घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी जीव वाचवला, पण स्वरयंत्र काढून टाकावं लागलं. गळ्याशी श्वासापुरतं भोक राहिलं आणि आवाज कायमचा गेला.

डेपोने त्याला टेबलाचं काम दिलं. वहीत लिहून तो सगळ्यांशी भागवून न्यायचा. अडायचं ते फक्त आईपाशी. काचबिंदूने तिची नजर पार गेली होती, आणि त्याचा आवाज गेलाय हे कितीदा सांगूनही तिला पटत नव्हतं.

बायको मध्ये पडायची. "आई, हे विचारताहेत, पाय दाबून देऊ का?"

"तू विचारतेस गं. त्याला म्हणावं, स्वतः विचार."

तो तिचा हात उचलून आपल्या गालावर ठेवायचा. ती चाचपून ओळखायची आणि तरी रुसून भिंतीकडे वळायची.

परदेशातल्या धाकट्या बहिणीने शोधाशोध करून गळ्याला टेकवून बोलायचं यंत्र विकत घेतलं आणि पाठवलं. दादाला कर भरावा लागू नये म्हणून पार्सलवर 'भेटवस्तू' असं लिहिलं, आणि किंमत लिहिली खऱ्या किमतीच्या दहाव्या हिश्शाइतकी. कस्टम्सवाल्यांनी पार्सल उघडलं, कंपनीच्या वेबसाइटवरची किंमत पाहिली आणि ते बाजूला ठेवलं.

कंडक्टर कस्टम्सच्या चार नंबरच्या खिडकीशी गेला, तेव्हा कारकुनाने मानही वर केली नाही. "बोला."

त्याने वही सरकवली.

"तोंडाने सांगा हो, मागे रांग आहे."

त्याने गळ्यावरचा रुमाल बाजूला केला. कारकून ओशाळला. खुर्ची दिली, पाणी मागवलं. पण काम तसूभरही हललं नाही. "मला कळतंय हो सगळं. पण किंमत खोटी लिहिलीय. खरं बिल लागेल, बहिणीचा खुलासा लागेल. कर माफ हवा असेल तर डॉक्टरांचं पत्रही."

कंडक्टरने लिहिलं, 'माफी नको. पूर्ण कर घ्या, दंड घ्या. आज द्या.'

"घ्यायला आधी किंमत ठरायला नको का? ती ठरवणार साहेब."

बिल आलं, खुलासा आला. बिलावरचं आणि पार्सलवरचं यंत्राचं नाव जुळेना, म्हणून आणखी एक कागद मागवला. मग साहेब रजेवर गेले. कंडक्टरने खिडकीपाशी सहा हेलपाटे घातले.

तोवर आईने अंथरूण धरलं. तिचं भान जाऊ-येऊ लागलं. तो उशाशी बसून हात धरायचा, तर ती हात सोडवून घ्यायची. "कोण गं हा? डॉक्टर का?"

"आई, तुमचा मुलगा आहे."

"मग बोलत का नाही? गेला ना तो? माझ्यापासून लपवू नका गं."

त्याने तोंड उघडलं, ओठ हलवले. नुसता गळ्यातून वारा फुसफुसला. चौथ्या दिवशी सकाळी, मुलगा गेला असंच धरून, आई गेली.

नऊ दिवसांनी कस्टम्सचं पत्र आलं. कंडक्टरने कर भरला, दंडही भरला. पार्सल हातात देताना कारकून मनापासून हसला. "चला, आता बोला घरच्यांशी पोटभर!" कंडक्टरने मान डोलावली आणि पावती घडी घालून खिशात ठेवली.

यंत्र त्याने आठवडाभर काढलंच नाही. बहिणीचा फोन आला, तेव्हा बायकोने ते पेटीतून काढून त्याच्या हातात दिलं. त्याने ते गळ्याला लावलं आणि घरघरत्या, चढ-उतार नसलेल्या आवाजात म्हणाला, "मी आहे."

"कोण?" मग पलीकडे हुंदका फुटला. "दादा! मी ती किंमत लिहिली नसती तर... आई असताना मिळालं का रे तुला हे? खरं सांग."

बायको त्याच्याकडे बघत उभी होती.

"मिळालं," तो म्हणाला. "दोन दिवस आधी. बोललो तिच्याशी."

"काय म्हणाली?"

त्याने यंत्र गळ्यापासून काढलं, पुन्हा लावलं.

"म्हणाली, आवाज बसलाय तुझा. गरम पाणी पी."

बहीण रडता रडता हसली. बायको तोंडाला पदर लावून आत निघून गेली.